ट्रॅकवर जाण्याआधी मागचा पत्रा बघा

सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांचं सस्पेंशन पेलणारी चौकट, स्वतः सहसा तुटत नाही. ती जिथे बोल्टने धरलेली असते तो फ्लोअरचा पत्रा फाटतो. माझं गॅरेज रत्नागिरीत, मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यात, त्यामुळे इथे सीलरखाली, म्हणजे पत्र्याच्या सांध्यांवरच्या लेपाखाली, गंज लपलेला असतोच. सबफ्रेम पूर्ण उतरवा आणि चकचकीत पत्रा दिसेपर्यंत वायर ब्रश थांबवू नका. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर पळणारी एक गाडी आली होती. सबफ्रेमच्या पुढच्या डाव्या माउंटभोवतीची (बोल्टच्या जागेभोवतीची) चीर बोटाला लागलीसुद्धा नाही. चिरेत शिरणारा लाल रंग (डाय) मारून, त्याला बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला, तेव्हा केसासारखी लाल रेघ उमटली.

चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मिग वेल्डिंगने भरा, घासा, वर २ ते ३ मिमीची प्लेट अंगाला अंग लावून बसवा. इंचभर वेल्ड, मग समोरच्या बाजूला इंचभर. सलग ओढलंत तर पत्रा वाकतो आणि बोल्ट जागेवर येत नाहीत.

वेल्डिंगला हात घालण्याआधी बॅटरी सोडवा, आतला गालिचा काढा, पेट्रोलची टाकी जवळ असेल तर तीही उतरवा. यात तडजोड नाही.

शेवटी एपॉक्सी प्रायमर, सीम सीलर आणि पोकळीत मेण. नवे बुश (माउंटमधले रबर), बोल्ट टॉर्क रेंचने ठरल्या जोराने आवळा, मग चाकांचं अलाइनमेंट. पहिल्या ट्रॅक दिवसानंतर पुन्हा जॅकवर घ्या.