मिस्टबॉर्न नवख्याच्या हाती देताना या चुका टाळा

जून लागला, पावसाची झड बसली की पुस्तकं मागणारे वाढतात. 'जादूचं काहीतरी दे, पण पोरकट नको' असं कुणी म्हटलं की ब्रँडन सँडरसन या लेखकाची मिस्टबॉर्न ही कादंबऱ्यांची मालिका पुढे करणारे आता म्हापशापासून काणकोणपर्यंत भेटतात. सुचवण्यात काही चुकत नाही. चुकतं ते पुढच्या दहा मिनिटांत, आणि बहुतेक वेळा एकच गोष्ट चुकते: सुचवणारा मोबाइल काढतो आणि सोळा धातूंचा तक्ता समोर धरतो. (या मालिकेतली जादू धातूंची: गिळलेला धातू पोटात 'जाळून' शक्ती मिळते, प्रत्येक धातूची वेगळी.)

तक्ता दिसायला सुरेख असतो. पण पहिल्या पुस्तकात, म्हणजे २००६च्या 'द फायनल एम्पायर'मध्ये, नायिका विन हिला तिचा गुरू केल्सिअर दहाच धातू सांगतो. आठ नेहमीचे, आणि वरचे दोन: सोनं आणि एटियम हा कल्पित धातू. अकराव्या धातूची नुसती कुजबुज आहे, आणि त्या कुजबुजीवर कथानकाचा बराच भार आहे. ज्यानं आधीच सोळा मोजले त्याला अकराव्याचं कसलं कुतूहल राहणार? बाकीचे धातू पुढच्या पुस्तकांत हाती लागतात तेव्हाची गंमतही गेली ती गेलीच.

फोंड्यातल्या एका वाचनकट्ट्यावर हे साग्रसंगीत घडलं. उत्साही तरुण, प्रोजेक्टर, सोळा धातूंच्या सोळा स्लाइड्स. सातव्या-आठव्या धातूपर्यंत मंडळींचं लक्ष चहाकडे गेलेलं. मागच्या रांगेतून भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांनी विचारलं, "पोलाद जाळून माणूस नाणं ढकलतो म्हणता, मग तो स्वतः मागे फेकला जात नाही?" तरुण म्हणाला, "सर, ही जादू आहे. तिथं फिजिक्स नको." सर गप्प बसले. त्या संध्याकाळी पुस्तकाच्या खरोखर जवळ पोचलेला एकमेव माणूस तिथंच गमावला, कारण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, फेकला जातो' हे होतं, आणि या मालिकेतली निम्मी मारामारी त्या उत्तरावरच चालते.

तक्त्याऐवजी एक नियम पाळा: विनला जेवढं ठाऊक, तेवढंच तुम्ही बोला. विन ही लुथाडेल शहरातली सोळा वर्षांची चोर मुलगी. तिला सुरुवातीला एवढंच माहीत असतं की आपल्याकडे थोडं 'नशीब' आहे, ते वापरलं की समोरचा माणूस जरा निवळतो. ते खरं तर पितळ जाळणं असतं. पाण्यातून आणि भांड्यांतून पोटात गेलेल्या धातूच्या अंशावर तिचं इतके दिवस भागत होतं. तांब्याच्या कळशीतलं पाणी पिणाऱ्या घरांत हे समजवावं लागत नाही. लेखकानं विनला अडाणी ठेवलंय ते वाचकासाठी. तिला शिकवताना केल्सिअर वाचकालाही शिकवतो. तुम्ही मध्ये घुसून तोच धडा आधी उरकलात तर ती प्रकरणं वाचकाला उजळणीसारखी लागतात, आणि मग 'सुरुवात रेंगाळते' अशी तक्रार येते.

अगदीच राहवत नसेल तर लोखंड आणि पोलाद ही एकच जोडी सांगा, पण मर्यादांसकट. धातूची पूड पोटात असावी लागते. ती बहुधा मद्यात मिसळून छोट्या कुपीतून पितात. मग ती 'जाळायची'. संपली की ताकद संपली, मग तुम्ही छपरावर असा की हवेत. लोखंड जाळलं की आसपासचा धातू स्वतःकडे ओढता येतो, पोलाद जाळलं की दूर ढकलता येतो. दोन्ही सरळ रेषेतच, स्वतःच्या शरीरापासून; वस्तू डावीउजवीकडे वळवता येत नाही. आणि जो हलका तो हलतो. होडीत बसून जेटीला हात लावून ढकललं तर जेटी जागची हलत नाही, होडी मागे जाते. तसंच, नाणं हवेत असेल तर नाणं सुटतं. तेच नाणं जमिनीवर टेकलं की ढकलणारा वर उडतो. उडवलेलं नाणं एखाद्याच्या छातीवर अडलं तरी ढकलणाऱ्याला झटका बसतोच. एवढं सांगून थांबा. सरांसारखा वाचक असेल तर तो उरलेलं स्वतः विचारील.

'हे करता येतं, तेही करता येतं' अशी नुसती शक्तींची यादी वाचणारे फार. ऐकणाऱ्याला वाटतं, मग अडचण कुठे आहे? काय जमत नाही ते आधी सांगा. ज्याला एकच धातू जाळता येतो तो मिस्टिंग, ज्याला सगळे येतात तो मिस्टबॉर्न. मधला प्रकार नाही. मिश्रधातूचं प्रमाण चुकलं तर जाळणारा आजारी पडतो, मरूही शकतो.

वाचायला लागल्यावर नवखे हमखास गोंधळतात ते जस्त आणि पितळेत. धातू जोडीनं येतात, एक शुद्ध आणि दुसरा त्याचा मिश्रधातू: लोखंड-पोलाद, कथील-प्यूटर, जस्त-पितळ, तांबं-कांसं. शुद्ध ओढतो, मिश्र ढकलतो. जस्त भावना ओढून भडकवतं, पितळ दाबून शांत करतं. हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून बुकमार्क म्हणून द्या, पण वाचक पहिला भाग संपवून विचारायला आला तरच. आधी नको.

सहावी-सातवीतल्या भाच्याला वाढदिवसाला हे पुस्तक देऊ नका. जादू आहे म्हणून ते मुलांचं होत नाही. स्का म्हणजे राबणारा वर्ग, आणि सरदार त्यांच्या बायकामुलींशी कसे वागतात ते पहिल्या पानांपासून उघड आहे. नववी-दहावीच्या पुढे द्या.

प्रकरणाच्या सुरुवातीचे तिरप्या अक्षरांतले चार-पाच ओळींचे उतारे गाळणारा एक अधीर वर्ग आहे. 'हे कोण बोलतंय कळत नाही' ही त्यांची तक्रार. कळू नये म्हणूनच ते तिथं आहेत. कुणी अर्ध्यापर्यंत गाळत आला असेल तर मागे जाऊन फक्त तेवढे उतारे सलग वाचायला लावा. अर्ध्या तासाच्या आत होतात, आणि दुसऱ्या पुस्तकाला त्यांच्याशिवाय हात घालण्यात अर्थ नाही.

पात्रांची नावं नेटवर शोधू नका. सर्च बॉक्स स्वतःच कोण मेलं ते सांगतो.

केल्सिअर म्हणायचं की केल्सिये, यावर पहिल्या दिवशी वाद नको.

सँडरसनच्या बाकीच्या जगांशी असलेले धागेदोरे नवख्याला सांगणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

क्रमाबाबत मात्र हट्टी राहा. पहिली तीन पुस्तकं २००६, २००७ आणि २००८ची, त्याच क्रमानं. याच मालिकेतलं पुढचं 'द अलॉय ऑफ लॉ' (२०११) आकारानं लहान आहे, त्यात पिस्तुलं आणि रेल्वे आहे, म्हणून काही जण 'आधी हे वाच, हलकं आहे' म्हणून हातात ठेवतात. ते सुमारे तीनशे वर्षांनंतरचं आहे. आधीच्या तीन पुस्तकांत कोण जिंकलं, कोण देव झालं, शहरांना कुणाची नावं पडली, हे त्यात बोलता बोलता येऊन जातं. आठवडा वाचवायच्या नादात तीन पुस्तकं वाया. 'सीक्रेट हिस्टरी' ही याच मालिकेतली छोटी कादंबरी. ती तर तिसरं पुस्तक संपेपर्यंत कपाटाबाहेरही काढू नका. ती कुणाबद्दल आहे हे कळणंसुद्धा नुकसान आहे.

वाचक अडतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिल्या पुस्तकात सरदारांच्या नाचाच्या मेजवान्या सुरू झाल्या की मारामारीसाठी आलेले कंटाळतात. त्यांना सांगा, त्या दालनात कोण कुणाच्या भावना दाबतंय, विनला कथिलामुळे (ते जाळलं की इंद्रियं तीक्ष्ण होतात) काय ऐकू येतंय, यावर नजर ठेवा. तिथंही जादू चालूच असते, फक्त कुणी उडत नाही. दुसरी जागा म्हणजे दुसऱ्या पुस्तकाचा पूर्वार्ध. तो संथ आहे, लपवण्यात अर्थ नाही. आधीच सांगून टाकावं. कुणी तिथं पुस्तक मिटलं तर रोज विचारून पिच्छा पुरवू नका, चवथीची सुट्टी येऊ द्या. पुन्हा सुरू करताना पहिल्या पुस्तकाचा पाचवा, शेवटचा भाग परत वाचायला लावा. दहा मिनिटांच्या सारांशाच्या व्हिडिओवर भागवू नका. त्यातले बरेचसे एकाच दमात तिन्ही पुस्तकांचा शेवट सांगून मोकळे होतात.