टेकडीवरच्या देवळाचा इतिहास कसा काढावा

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर तुकाईची, म्हसोबाची, कानिफनाथांची ठाणी पुष्कळ. विचारलं की उत्तर ठरलेलं: 'पेशवेकालीन.' पर्वतीचं देवदेवेश्वर नानासाहेबांनी १७४९ मध्ये उभारलं, हे ठाऊक आहे. लहान देवळांचा पुरावा मात्र शोधावा लागतो.

आधी शिलालेख बघा: दाराची पट्टी, पायऱ्या, दीपमाळेचा चौथरा, पाण्याचं टाकं. ऊन तिरपं असताना जा, नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. खडूने अक्षरं भरू नका, आपण चुकीचं वाचलेलंच फोटोत कायम होतं. ऑईलपेंट तारेच्या ब्रशने खरवडलात तर अक्षरांच्या कडाही जातात. शेंदराला गुरवांना विचारल्याशिवाय हात नको.

लेखात शक दिला असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेरची असेल तर ७९. मग लेखात संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव असेल तर ते ताडून पाहा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी म्हणजे पहिल्या, प्रभव संवत्सरापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर शेवटचं, क्षय). शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घ्या: १६०८ ला ६० ने भागून बाकी ४८, म्हणजे आनंद. बरोबर. जुळलं नाही तर बहुधा झिजलेला आकडा चुकीचा वाचलाय. १ आणि ९ पुन्हा बघा.

घंटेवरचं साल देवळाचं धरू नका. भीमाशंकरची पोर्तुगीज घंटा वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आली. तिच्यावरचा आकडा ती ओतल्याचा. पाटीवरचं सालही अनेकदा जीर्णोद्धाराचंच असतं.

मग कागद. तलाठ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार मागा. 'देवस्थान इनाम वर्ग ३' (देवळासाठी इनाम दिलेली जमीन) दिसलं की सनदेचा, म्हणजे इनामाच्या मूळ हुकमाचा माग लागतो. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद मिळते, पण ती १९५० च्या कायद्यानंतरची. पेशवे दफ्तरात (पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांत) देवाच्या नावाने शोधू नका, गाव, तर्फ आणि परगणा (तेव्हाचे महसुली विभाग) सांगा. कागद मोडीत असतात, वाचणारा सोबत हवा. त्यांवर सुहूर सन (मृगापासून सुरू होणारं तेव्हाचं कारभारी वर्ष) असेल तर इसवी सनासाठी ५९९ मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००.

गावात जीर्णोद्धाराची वर्गणी सुरू झाली असेल, तर दफ्तर राहू द्या, आधी वर जाऊन फोटो काढा. फरशी बसली की पायरीवरचा लेख कायमचा गेला.