घरात एकापेक्षा जास्त मांजरं आहेत? मग या चुका टाळा

माझ्याकडे तीन मांजरं आहेत, मनी, गोटी आणि सोन्या बोका. त्यामुळे ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतच असतो, ताई आमची मांजर गादीवर शू करायला लागलीय, काय करू. मी आधी विचारते घरात मांजरं किती, तर दोन नाहीतर तीन. नवीन कधी आणलं, तर महिना झाला. भांडतात का? "नाही हो, अजिबात नाही, एकदम शांत आहेत दोघी."

हे "एकदम शांत आहेत" ऐकलं की मला काळजीच वाटते.

भांडत नाहीत म्हणजे पटतं, असं समजू नका

ही सगळ्यात मोठी चूक आणि मी स्वतः केलीय, म्हणून सविस्तर सांगते. मनी तेव्हा सात वर्षांची, घरात एकटी वाढलेली. मार्चमध्ये गोटी आली, चांगली धष्टपुष्ट, एक वर्षाची. पहिले काही दिवस फिसकारणं झालं आणि मग सगळं थंड, मला वाटलं जमलं यांचं. मग मे आला. सोलापूरचा मे म्हणजे पारा ४३-४४, कूलर एकाच खोलीत, त्यामुळे माणसं आणि मांजरं सगळी तिथंच. त्या खोलीतून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून मागं मोरी, आणि मांजरांच्या शी-शूचा, वाळूचा टब मोरीत. गोटी दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आडवी पडायची. फरशी गार लागत असेल म्हणून पडते, असं मी धरून चालले.

नेमकं काय व्हायचं ते बघा. मनी कूलरच्या खोलीतून यायची आणि उंबऱ्यापासून चार हातांवर थांबायची. गोटी उठायची नाही, आवाज नाही, पंजा नाही, फक्त मान वळवून तिच्याकडं एकटक बघायची आणि शेपटीचं टोक तेवढं हलायचं. मनी दुसरीकडं नजर फिरवायची, उगाच पंजा दोनदा चाटायची आणि परत फिरायची. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. भाकरी थापता थापता मी हे कितीतरी वेळा बघितलं आणि मला वाटायचं हिचा विचार बदलला.

मग एक दिवस दिवाणावरच्या चादरीवर शू. लग्नातली चादर, मी चिडले, मनीला ओरडले, जमिनीवर पेपर आपटला. चार दिवसांनी परत तिथंच. मग ती लोखंडी कपाटावरून खाली उतरेनाच, उतरली की थेट खिडकीतून बाहेर. शेजारच्या अक्का म्हणाल्या, "तुमची पिल्ली दिवसभर आमच्या भिंतीवर बसून असते, घरी काय झालं तिला?" (अक्का तेलुगू, त्यांच्यात पिल्ली म्हणजे मांजर, आपल्यासारखं पिल्लू नव्हे.) त्या दिवशी मनीला उचलून घेतलं तर पोटावरचे केस गायब, चाटून चाटून कातडी गुलाबी झालेली.

डॉक्टरांनी कातडी तपासली, लघवी तपासली. लघवीत रक्त होतं पण इन्फेक्शन नव्हतं. मांजराला ताण आला की मूत्राशयाला अशी सूज येते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी एकच विचारलं, टब कुठं आहे आणि तिथं जायला वाटा किती आहेत. वाट एकच होती, आणि तिच्यावर गोटी बसलेली. मी जिला ओरडत होते तिला जागाच नव्हती जायला. ते अजून मनाला लागतं.

औषध थोडे दिवस दिलं, पण खरा फरक पडला तो घर बदलल्यावर. एक टब दिवाणाजवळ, एक गॅलरीत. मनीचं खाणं कपाटावर, आणि कपाटाच्या दुसऱ्या बाजूला एक स्टूल म्हणजे उतरायला दोन बाजू झाल्या. आठ-दहा दिवसांत चादरीवरचं थांबलं, केस यायला मात्र वेळ लागला.

तर हिशोब असा, मांजरं जितकी त्याहून एक टब जास्त, आणि वेगवेगळ्या ठिकाणी. तीन टब एका रांगेत ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा. फॅन्सी झाकणाचे टब घेऊ नका, आत बसलेल्या मांजराला बाहेर कोण टपलंय ते दिसत नाही आणि पळायला एकच तोंड. मी मोठी प्लास्टिकची घमेली वापरते, स्वस्त पडतात आणि मांजर आत आरामात वळतं. आणि रोज सकाळी चहा घेऊन दहा मिनिटं खाली फरशीवर बसते, कोण कुणाला वाट सोडतंय, कोण कुणाला बघून परत फिरतंय ते बघत. फोन बाजूला ठेवून. एवढ्यानंच बरंच कळतं.

बोका टबात बसून जोर करतोय, तर ते नखरे नाहीत

सारखा जाऊन बसतो, लघवी थेंबभर किंवा काहीच नाही, ओरडतो, खालचा भाग चाटत राहतो. नळी तुंबलेली असू शकते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळपर्यंत वाट बघू नका, रात्र असली तरी डॉक्टर गाठा. ताण, बद्धकोष्ठता, काय असेल ते नंतर बघता येईल.

नवीन मांजर पहिल्याच दिवशी समोरासमोर आणू नका

माझी भाची जुळे सोलापूरला राहते. तिनं रविवारी पिल्लू आणलं आणि पिशवीतून काढून थेट जुन्या मांजरापुढं ठेवलं, व्हिडिओ काढायचा होता. जुनी मांजर माळ्यावर गेली ती मंगळवारी संध्याकाळपर्यंत उतरली नाही, अन्नपाणी काही नाही. मांजरानं चोवीस तास काही खाल्लं नाही की मी डॉक्टरांना फोन करते, कारण उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी साठते, जाड मांजराला तर धोका जास्तच. भाचीचं म्हणणं, "मावशी, होईल की सवय." कशाची सवय? तिच्या घरात तिला न विचारता कुणीतरी आलं आणि पळायला फक्त माळा उरला, याची?

ह्या घाईचा मला खरंच राग येतो. पिल्लू पंधरा वर्षांसाठी आणताय आणि पंधरा दिवस थांबता येत नाही.

तर नवीन मांजर वेगळ्या खोलीत, दार बंद, आत तिचा टब, पाणी, लपायला खोका. दोन-तीन दिवसांनी एका टॉवेलनं नवीच्या गालावरून पुसायचं आणि तो टॉवेल जुनीच्या खाण्यापाशी ठेवायचा, तसंच उलटं. आपल्या सोलापुरात टॉवेलांना तोटा नाही. दोघी त्या वासाजवळ बिनधास्त खायला लागल्या की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं द्यायचं, आधी लांब, मग जवळ. मग दार बोटभर उघडं. मग समोरासमोर पाच मिनिटं, खाता खाता, आणि खाणं संपायच्या आत परत वेगळं. कुणी खाणं सोडून टक लावून बघायला लागलं तर एक पायरी मागं. दोन-तीन आठवडे धरून चाला, काहींना महिने लागतात. मारामारी झालीच तर पहिल्यापासून सुरुवात. यात शॉर्टकट मी अजून बघितला नाही. आणि ते "दोघांना बाथरूममध्ये कोंडा, आपसात मिटवतील" सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका.

भाचीनं पिल्लू परत खोलीत ठेवून असंच केलं, दीड महिना लागला.

बाकीच्या चुका

दवाखान्यातून आलेल्या मांजराला लगेच बाकीच्यांत सोडणं. अंगाला दवाखान्याचा वास असतो, घरातली ओळखत नाहीत आणि तुटून पडतात. एक रात्र वेगळं ठेवा.

फिनाईलनं पुसणं. काही फिनाईलमधलं फिनॉल मांजराला विषारी, पंजे चाटते आणि पोटात जातं. अमोनियाच्या वासाचं क्लीनरही नको, लघवीसारखाच वास असल्यानं ती परत तिथंच जाते. लघवीचा वास मुळापासून काढणारा एन्झाइमवाला क्लीनर मिळाला तर उत्तम.

पाणी आलं की सगळे टब एकाच दिवशी खसाखसा धुणं. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळे हे होतंच, पण सगळीकडचा तिचा वास एकदम गेला की मांजर बावचळते. एका वेळी एकच धुवा. शी-शू उचलणं मात्र रोज. आणि पाणी भरायच्या गडबडीत ड्रम, बादल्या तिच्या लपायच्या जागेपुढं लावू नका.

फटाके. दिवाळी तर आहेच, शिवाय गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर दारूकाम असतं तेव्हा आमच्याकडं खिडक्या हादरतात. घाबरलेलं मांजर शेजारी बसलेल्या मांजरावरच राग काढतं, आणि ते वैर महिनाभर टिकू शकतं. मी त्या रात्री तिघांना आधीच वेगवेगळं करते, प्रत्येकाला खोका आणि वर जुनी चादर.

भांडण सोडवायला हात घालणं. मध्ये पुठ्ठा नाहीतर उशी सरकवा. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन न करणं. भिंतीवर शू उडवणं बहुतेकांचं त्यानंच थांबतं.

मांजर मलूल दिसली म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणं. एका गोळीनं मांजर मरू शकते.

आणि सगळ्यांनी एकत्र झोपलंच पाहिजे हा हट्ट. मनी आणि गोटी अजूनही अंग लावून झोपत नाहीत. गोटी उंबऱ्यावर पडते, मनी स्टुलावरून उतरून गॅलरीतल्या टबाकडं जाते, आणि पोटावरचे केस पूर्ण आलेत.