टाकीतल्या माशांना जिवंत वर्म घालताय? आधी या चुका टाळा

रविवारी मला जे फोन येतात, त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात. "काका, मासा फुगलाय." मी विचारतो, वर्म, म्हणजे माशांना खायला घालतात ते जिवंत किडे, घातले होते का? हो. कधी आणले? काल. धुतले होते? पलीकडे शांतता.

दुकानात पिशवीतून जो लाल, वळवळणारा गोळा मिळतो तो ट्यूबिफेक्स. तो कुठे वाढतो हे कुणी विचारत नाही. नाल्यात, सांडपाण्याच्या गाळात, जिथे प्राणवायू इतका कमी की दुसरं फारसं काही तग धरत नाही. त्याचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि त्याच्याच जोरावर तो तिथे जगतो. डोकं गाळात खुपसायचं, शेपटी वर हलवत ठेवायची आणि दिवसभर गाळ खायचा, हा त्याचा संसार. म्हणजे तुम्ही माशाला किडा देताय, पण किड्याच्या पोटातून गटारही देताय.

ही चूक मीही केलेली आहे, म्हणून एवढा चिडतो. माझ्याकडे एंजल माशांची जोडी होती. दीड वर्ष वाट बघून जमलेली. कुणीतरी सांगितलं, जिवंत खाणं दे, आठवड्यात अंडी देतील. शनिवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर पिशवी घेतली, डोंबिवली लोकलमध्ये छातीशी धरून घरी आणली आणि बूटही न काढता टाकीत ओतली. पिशवीतल्या त्या चहासारख्या पाण्यासकट! मासे तुटून पडले, मी खूश. पाचव्या दिवशी मादी कोपऱ्यात हीटरमागे जाऊन उभी राहिली. शेपटीखाली पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती. मग पोट फुगलं, खवले अननसासारखे उभे राहिले. दोन दिवसांत ती गेली, आठवड्याने नर. वर्मनेच गेले याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण त्या आठवड्यात टाकीत दुसरं काहीच बदललं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा, पसरट डबा असतो. वर्म आणले की त्यात ओतायचे, वर जेमतेम अर्धा इंच शिळं पाणी. शिळं म्हणजे रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. थोड्या वेळात जिवंत वर्म एकमेकांना धरून घट्ट गोळा करतात. मेलेले सुटे राहतात आणि पाणी हलकेच ओतलं की वाहून जातात. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच तीन-चार वेळा. मग डबा फ्रिजमध्ये, आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा पाणी बदलायचं. असे तीन दिवस. त्याआधी टाकीत एकही वर्म जात नाही, मासे काचेला कितीही नाक घासोत. डब्यावर झाकण लावून मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे एकदा सासूबाईंनी केशर-पिस्ता समजून उघडला होता. त्या प्रसंगाचं वर्णन करत नाही.

गोळ्याला बोट लावलं की तो चटकन आक्रसला पाहिजे. करडा पडला, पाणी दुधाळ झालं, वास मारू लागला तर सगळाच फेका. वीस रुपयांसाठी टाकी घालवू नका.

इथे हमखास कुणीतरी शॉर्टकट काढतं. मिठाच्या पाण्यात बुडवू का? पोटॅशियम परमँगनेट चालेल का? मीठ घातलंत तर वर्म मरतील आणि पोटातला गाळ पोटातच राहील. आतला गाळ फक्त वेळ गेल्यावर बाहेर पडतो. ज्यांना तीन दिवस थांबवत नाही, त्यांनी चांगल्या कंपनीचे दाणे घालावेत. मासे दाण्यांवरही मजेत जगतात. आणि तीन दिवस धुऊनही नाल्यातले जड धातू वर्मच्या अंगातून जात नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदाच, रोज नाही.

दुसरी चूक, भरमसाट घालणं. माझ्या भाच्याने सहलीला जाताना आपल्या फायटर माशाच्या टाकीत वर्मची अख्खी पिशवी रिकामी केली. हिशोब असा की "मामा, तीन दिवसांचं जेवण झालं." फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. त्याने खाल्ले तेवढे खाल्ले, उरलेले खडीत शिरले. तिथे त्यातले बरेच मेले, अमोनिया चढला, आणि पोरगा परत आला तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. फायटर पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होता. अर्धं पाणी बदललं, सायफनने खडी उपसली, संध्याकाळी पुन्हा थोडं बदललं. वाचला बिचारा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. काचेला चिकटणारा, भोकं असलेला शंकूसारखा कोन मिळतो, त्यात ठेवले तर वर्म एकेक करून बाहेर येतात आणि खडीत जायच्या आत खाल्ले जातात. आमच्या टाकीला सोमवारी कडक उपास असतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कुंडीतलं गांडूळ चालतं, पण मातीत कीटकनाशक पडलेलं नसेल तरच. गांडूळखताच्या पेटीतलं लाल गांडूळ घाबरलं की पिवळा, घाण वासाचा द्रव सोडतं. बरेच मासे ते थुंकतात. माशांचा दोष नाही.

आफ्रिकन सिक्लिड माशांमधले म्बुना हे शेवाळ खाणारे. त्यांना वर्म देऊच नका, पोट फुगून मरतात.

पिल्लांना ट्यूबिफेक्स तोंडात मावत नाही. त्यांच्यासाठी शिजवलेल्या ओट्सवर मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक किडे, घरीच वाढवा, गटाराचा प्रश्नच मिटतो. व्हाइट वर्मच्या नादी मात्र लागू नका. त्यांना थंडावा लागतो, आपल्या मे महिन्यात डब्याचं सूप होतं.

डासांच्या अळ्या उत्तम खाणं, पण त्यासाठी गॅलरीत बादली भरून ठेवाल तर माशांआधी डेंग्यू येईल.

सुकवलेले ब्लडवर्म (डासासारख्या एका किड्याच्या लाल अळ्या) हाताळताना शिंका येत असतील, डोळे खाजत असतील तर ती ॲलर्जी आहे, सर्दी नव्हे. हातमोजे घाला, नाहीतर ते खाणंच बंद करा. आणि बोटाला कापलेलं असताना वर्मच्या डब्यात किंवा टाकीत हात घालू नका, घरात दुसरं कुणीतरी असेलच.