पार्श्वभूमी धूसर करायची तर आधी अंतर, मग लेन्स

माणूस शार्प आणि मागचं सगळं विरघळलेलं, असा फोटो हवा असला की पहिला सल्ला ५० मिमी एफ १.८ लेन्स घेण्याचा मिळतो. लेन्स उत्तमच आहे. पण तिच्यावर पैसे घालण्याआधी माणसाला भिंतीपासून पुढे आणा.

गणित सोपं आहे. फोकल लेंथला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) एफ आकड्याने भागलं की लेन्समधल्या, उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो: ५० मिमी एफ १.८ ला सुमारे २८ मिमी, तर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ लेन्सचा ५५ मिमी एफ ५.६ ला जेमतेम १० मिमी. या व्यासाला माणूस आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या अंतराने गुणा, कॅमेरा ते पार्श्वभूमी या अंतराने भागा. मागचा एकेक ठिपका चेहऱ्याच्या मापाने किती पसरेल, ते कळतं. माणूस २ मीटरवर, भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर: एफ १.८ वरही ठिपका साडेपाच मिमीचाच. तोच माणूस, पण मागे ४ मीटर मोकळी जागा: साधी १८-५५ साडेसहा मिमी देते आणि ५० मिमी तब्बल साडेअठरा. भिंतीला टेकवून उभं केलं, तर महागड्या लेन्सचा पैसा वाया जातो.

झाडं वीसेक मीटर मागे असतील तर ५५-२५० लेन्सही काढून बघा. २५० मिमीला एफ ५.६ वरही छिद्र ४५ मिमीचं होतं. तुम्हाला माणसापासून नऊ-दहा मीटरवर जावं लागेल, पण पार्श्वभूमीचा अगदी छोटा तुकडा चौकटीत येतो आणि नको त्या गोष्टी आपोआप कापल्या जातात.

आता कॅमेरा. मोड ए किंवा एव्ही (यात ॲपर्चर, म्हणजे छिद्राचा एफ आकडा, तुम्ही ठरवता), ॲपर्चर सर्वांत लहान आकड्यावर. फोकस एकाच बिंदूवर घ्या आणि तो बिंदू कॅमेऱ्याकडच्या, म्हणजे जवळच्या डोळ्यावर ठेवा. डोळा ओळखणारा फोकस असेल तर तोच वापरा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग चौकट हलवायची सवय इथे महागात पडते. एपीएस-सी कॅमेऱ्यावर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) ५० मिमी एफ १.८ ला २ मीटरवर स्पष्ट पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा, १ मीटरवर तर तीनच सेंटिमीटरचा असतो. म्हणूनच अगदी जवळून काढलेल्या फोटोत एक डोळा शार्प आणि दुसरा मऊ येतो. तेव्हा एफ २.८ करा, पार्श्वभूमी लांब असेल तर धूसरपणा पुरेसा उरतो. दोघांचा फोटो असेल तर दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा आणि एफ ४ ला जा.

भर उन्हात आणखी एक अडचण येते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ १.८ वर शटर जवळपास १/८००० सेकंद लागतं. नवशिक्यांसाठीचे बरेच कॅमेरे १/४००० ला थांबतात आणि चेहरा पांढराफटक पडतो. सावलीत या, नाहीतर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड एक अष्टमांश करणारी गडद काच) लावा.

धूसर झालं म्हणजे सुंदर झालं असं नाही. पानांच्या फटींतून येणारं ऊन मागे गोल चकत्यांची गर्दी करतं आणि नजर चेहऱ्यावर टिकत नाही. डोक्यामागचा खांबही धूसर झाला तरी दिसतोच. एक पाऊल बाजूला सरका किंवा थोडं खाली बसा, आणि माणसामागे एकसारखा, चेहऱ्यापेक्षा गडद भाग येईल असं बघा.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये हा धूसरपणा मुख्यतः गणिताने तयार होतो, त्यामुळे भुरभुरते केस, चष्म्याची काडी आणि झुमके यांच्या कडा चुकतात. उजेड भरपूर ठेवा, केसांपेक्षा वेगळ्या रंगाची पार्श्वभूमी निवडा, आणि फोटो काढल्यावर धूसरपणाचा स्लायडर एफ ४ च्या आसपास आणा. कडांच्या चुका बऱ्याच झाकल्या जातात.