मंदी आली आणि हिटलर आला? या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी बरीच वर्षं इतिहास शिकवतोय. ‘आर्थिक संकटात जहाल पक्ष सत्तेवर कसे येतात?’ असा प्रश्न टाकला की बहुतेक वह्यांत जर्मनीचं तेच सापडतं: नोटा हातगाडीवर, पाव महाग, लोक चिडले, हिटलर आला. दहा वर्षं एका घोटात!

सगळ्यांत वैताग आणणारी चूक हीच, १९२३ ची महागाई आणि १९२९ नंतरची मंदी एकत्र कालवायची. ती मीही केली आहे, तीसुद्धा भर व्याख्यानात. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क, हे नोव्हेंबर १९२३ चं चित्र रंगवून सांगितलं, लोक हळहळले, आणि मी ठोकून दिलं, ‘म्हणून हिटलर!’ पुढच्या रांगेत गुळाचे एक जुने अडते बसले होते. म्हणाले, ‘सर, भाव भडकलं तेवीसला, गडी खुर्चीवर तेहतीसला. मधली धा वरसं मानसं काय करत हुती?’ सभागृह हसलं. मी चहाचं निमित्त करून सुटलो.

घरी येऊन आकडे काढले. त्याच नोव्हेंबरात हिटलरचा म्युनिकमधला सत्ता बळकावण्याचा उठाव फसला, हिटलर तुरुंगात गेला. नवं रेंटेनमार्क चलन आलं, भाव थांबले, पुढं अमेरिकी कर्जावर गाडी रुळावर आली. मे १९२८ ला हिटलरच्या नाझी पक्षाला मतं २.६ टक्के, संसदेत जागा १२. मग न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकेतून येणारा पैसा आटला, आणि सप्टेंबर १९३० ला तोच पक्ष १८.३ टक्क्यांवर, १०७ जागांवर! तेव्हा भाव चढत नव्हते, पडत होते. चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, ब्र्युनिंग अध्यक्षांच्या वटहुकमांवर राज्य चालवत पगार आणि बेकारभत्ते कापत होता. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकारच ६० लाखांवर होते. महागाईचा वाटा नव्हता असं नाही. जन्मभराची शिल्लक बुडालेला दुकानदार जुन्या पक्षांवर पुन्हा विसंबला नाही. पण तो नाझींकडं वळला ते मंदीच्या तडाख्यानंतर.

तेव्हापासून माझ्या वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने असतात: भाव, बेकारी, मतं. डावीकडं वर्ष टाकल्याशिवाय उत्तराची एक ओळ लिहीत नाही. काम कंटाळवाणं आहे, मान्य. टेलिग्रामवरच्या नोट्स एका रात्रीत घोकणाऱ्यांना नेमका तो कंटाळाच सोसत नाही.

दुसरी चूक, ‘हिटलर बहुमतानं निवडून आला.’ कुठल्या निवडणुकीत, बाबा? जुलै १९३२ ला ३७.३ टक्के, ६०८ पैकी २३० जागा. नोव्हेंबरात घसरून ३३.१ टक्के, १९६ जागा. सुमारे २० लाख मतं गेली. पक्ष असा उतरणीला लागलेला असताना, ३० जानेवारी १९३३ ला, अध्यक्ष हिंडेनबर्गनं हिटलरला चॅन्सलर नेमलं. माजी चॅन्सलर पापेन आणि मंडळींचा हिशेब असा की मंत्रिमंडळात नाझी धरून तिघेच, बाकी आपले, गड्याला कह्यात ठेवू. साखर कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल जोडताना पाहिलेल्या माणसाला हे फोडून सांगावं लागत नाही. चेअरमन त्यांचा, संचालक जास्त आपले, आणि वर्षाच्या आत चेकवर सही कुणाची? इथं दोन महिनेही लागले नाहीत. २७ फेब्रुवारीला राइशस्टागला, म्हणजे संसद भवनाला, आग लागली, दुसऱ्या दिवशी वटहुकूम काढून नागरी हक्क गुंडाळले, २३ मार्चला ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेविना कायदे करू देणारा सर्वाधिकार कायदा. ‘सर, पण नोट्समध्ये ४३.९ टक्के आहे.’ आहे की. तो मार्च १९३३ चा आकडा, प्रशिया या सगळ्यांत मोठ्या प्रांताचे पोलीस नाझी मंत्री गोरिंगच्या हाती आल्यानंतरचा. तरीही निम्मा नाही.

बाकीच्या चुका किरकोळ, पण गुण खातात. ‘बेकारांनी हिटलरला आणलं’ लिहू नका. बेकार कामगार मोठ्या संख्येनं कम्युनिस्टांकडं गेले, नाझींचा जोर छोटे दुकानदार आणि प्रोटेस्टंट खेड्यांतल्या शेतकऱ्यांत होता. ‘भाषणं जगात भारी’ हेही पुरत नाही. बव्हेरिया प्रांतात १९२८ ला हिटलर बोलतच होता, देशभरात जागा आल्या १२.

आणि ‘मंदी आली की जहाल येणारच’ हे तर नकोच. त्याच मंदीत अमेरिकेत रूझवेल्ट आला, स्वीडनमध्ये समाजवाद्यांनी १९३३ ला शेतकरी पक्षाशी समझोता केला, ब्रिटनमध्ये मोस्लीच्या फॅसिस्ट पक्षाला संसदेची एक जागा जिंकता आली नाही. अलीकडचं उदाहरण हवं तर ग्रीस घ्या. तिथला जहाल उजवा पक्ष गोल्डन डॉन २००९ ला ०.३ टक्के, मे २०१२ ला जवळपास ७ टक्के आणि २१ जागा. सत्ता नाही, २०१९ ला संसदेबाहेर.

अडत्यांना नंतर एकदा गाठून ते तीन रकाने दाखवले. चष्मा वर करून त्यांनी ‘भाव’वर बोट ठेवलं. ‘म्हंजे पडल्यावर बिथरले. मग आदी इचारायचं न्हाई का आमास्नी? गुळाचा भाव पडला की सौद्यात काय हुतंय, ते शाहूपुरीत हितंच दावलं असतं.’