प्रकाश अणूंमध्ये ठेवायचा, तर आधी अणू शांत करा

प्रकाश साठवायचा म्हणजे त्याची नोंद अणूंच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्यांच्या छोट्या चुंबकासारख्या गुणधर्मात, उतरवायची. अणू हलले की नोंद पुसते. म्हणून लॅबमध्ये नवीन आलेल्यांना मी आधी थंडावा शिकवते.

आमचे अणू रुबिडियम-87चे. लेझरने थंड केल्यावर अणूंच्या ढगाला धरून ठेवणारा सापळा हळूहळू सैल करायचा. बशीतल्या चहाची वाफ जावी तसे तापलेले अणू निघून जातात. साधारण 100 नॅनोकेल्विनला, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट जमतो: सगळे अणू एकाच लहरीसारखे वागतात. हे सरावाने येतं.

आता 795 नॅनोमीटरचे दोन लेझर: जोरदार 'कंट्रोल' आणि अगदी मंद 'प्रोब'. कंट्रोल आधी लावा, नाहीतर ढग प्रोबला गिळून टाकतो. कंट्रोल असला की ढग पारदर्शक होतो आणि प्रोब रांगायला लागतो. भौतिकशास्त्रज्ञ लेने हाउ यांच्या गटाने 1999 मध्ये सोडियममध्ये तो सेकंदाला 17 मीटरवर आणला. त्या वेगाने 2.5 मायक्रोसेकंदांची पल्स (प्रोबचा छोटा झोत), एरवी पाऊण किलोमीटर लांब, 43 मायक्रॉनमध्ये मावते! ती पूर्ण आत आली की कंट्रोल बंद. वाट पाहा. कंट्रोल पुन्हा लावला की प्रोब बाहेर येतो.

दोन्ही किरण शक्यतो एका रेषेत ठेवा. तसे असले तर स्पिनच्या लहरीची, म्हणजे ढगात उतरलेल्या नोंदीच्या नक्षीची, लांबी 4.4 सेंटीमीटर असते. दोनच अंशांचा कोन दिला तर 23 मायक्रॉन. मग 100 मायक्रोकेल्विनच्या ढगात, जिथे अणू सेकंदाला दहाएक सेंटीमीटर धावतात, ती लहर 40 मायक्रोसेकंदांतच विस्कटते. कंडेन्सेटसाठी एवढा खटाटोप करायचा तो यासाठीच.

एकदा आठवडाभर आमची पल्स वेळेआधीच विरत होती. लेझर तपासले, आरसे तपासले. शेवटी चेंबरखाली विसरलेला एक मॅग्नेटिक बेस (चुंबकाने टेबलाला चिकटणारा स्टँड) सापडला. ढगाच्या एका टोकाला चुंबकीय क्षेत्र जास्त, दुसऱ्याला कमी, त्यामुळे स्पिनचा ताल चुकत होता. बेस काढला, त्याच संध्याकाळी पल्स परत आली. तेव्हापासून मी चुंबकीय क्षेत्र 3.23 गॉसवर (गॉस हे त्याचं एकक) ठेवते. नोंदीसाठी अणूच्या दोन स्पिन-अवस्थांची योग्य जोडी निवडली तर तिथे क्षेत्रातले लहानसहान चढउतार जवळजवळ जाणवत नाहीत.

सिग्नल दिसला की प्रोब अडवून तोच प्रयोग पुन्हा करा. ऑसिलोस्कोपवर तरीही उंचवटा राहिला, तर तो कंट्रोलचा झिरपलेला प्रकाश. एकेक फोटॉन साठवायचा असेल तेव्हा एवढी गळतीही चालत नाही; आधी फिल्टर सुधारा.